घासलेला नंबर

३ मार्च, सोमवार

बोर्ड टेबलावर आहे. अजून हात लावला नाही.

दुपारी दोघं आले. टेम्पोवाला मशीनच्या सर्किट बोर्डाचं खोकं धरून पुढे, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे एक अंध माणूस. अंध मुलांच्या शाळेच्या छापखान्यातला मुद्रितशोधक. सगळे त्याला मास्तर म्हणतात, शिकवत मात्र कुणालाच नाही. ब्रेलची पानं छापून आली की बोटांनी वाचून चुका काढतो. सव्वीस वर्षं हेच काम.

"तुम्हीच ना धाकटे? मोठ्या साहेबांचं मशीन बंद पडलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते गेल्याचं कळलं. वाईट झालं."

मी हं म्हटलं.

दादाला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. ब्रेल छापायचं हे मशीन सदतीस वर्षांचं. दादाने केलेल्या मशिनांपैकी चालू असलेलं हे शेवटचं, बाकीची केव्हाच मोडीत गेली. संस्थेने मास्तरला सांगितलंय, एकतीस तारखेपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात आणि छापखान्याला कुलूप. पुस्तकं बाहेरून येतील. मास्तर घरी.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं म्हणतात," मास्तर म्हणाला. "मला डोळे नकोत. तेवढं मशीन द्या."

बघतो, म्हटलं. एवढंच बोललो. दोघं गेल्यावर लक्षात आलं, साधा चहासुद्धा विचारला नाही.

४ मार्च, मंगळवार

प्रोसेसर मेला आहे. बाकी बोर्ड बरा दिसतो. वीज पोचते, पण प्रोसेसरच्या एकाही पिनवर हालचाल नाही. दुसरा बसवायचा, झालं. पण कुठला?

पाठीवर नंबर नाही. एकाही आयसीवर नाही. दादाचा नियमच होता तो. त्या काळी लोक मशीन विकत घ्यायचे, उघडायचे, आयसींचे नंबर टिपायचे आणि तसंच दुसरं करून बाजारात आणायचे. म्हणून बोर्ड बाहेर जाण्याआधी प्रत्येक आयसीची पाठ घासायची. हे काम माझं. डबाभर सुटे आयसी घेऊन बसायचो. खरखरीत कागद, चार फटके, पुढचा.

त्यातूनच आमचा खेळ निघाला. दादा मुठीतून एक घासलेला आयसी टेबलावर ठेवायचा. "मीटर घे. ओळख बघू." कुठल्या पिनला वीज जाते, कुठली जमिनीला, कुठल्या दोघी आतून जोडलेल्या, यावरून ओळखायचं. मी बहुतेक वेळा ओळखायचो. ओळखला की दादा पाठीत धपका घालायचा. जोरात घालायचा.

आता लिहिताना आठवलं म्हणून लिहिलं. वाटलं काहीच नाही.

५ मार्च, बुधवार

दिवसभर दोन मिक्सर आणि एक इस्त्री दुरुस्त केली. बोर्डावर फडकं टाकून ठेवलंय.

७ मार्च, शुक्रवार

मीटर लावला. चाळीस पिना. पहिली आणि एकविसावी जमिनीला. आठवीला पाच व्होल्ट. मेमरीतला पत्ता सांगणाऱ्या पिना नवव्यापासून पुढे.

अशी मांडणी दोनच प्रोसेसरांची. ६८०० आणि ६५०२. ६८०० करणाऱ्या घरातले लोक फुटून निघाले, दुसरीकडे गेले, आणि तिथे त्यांनी ६५०२ केला. म्हणून अंगकाठी सारखी, चाल वेगळी.

दोघांतला कुठला, यावर डोकं खाजवायची गरज नाही. दादा म्हणजे ६८००. दादाने ६५०२ वापरला असेल तर सूर्य पश्चिमेला उगवेल. ६८०० धरून चाललो.

बोर्ड उलटा केला तर मागे तीन निळ्या तारा हाताने जोडलेल्या. केव्हातरी केलेली दुरुस्ती असेल.

८ मार्च, शनिवार

रात्री जेवताना ही म्हणाली, "त्या चाळीस पायांच्या घोणीशी दिवसभर बसता. माझ्याशी दोन शब्द बोललात तर जीभ झिजेल का?"

बोलायला काही नाही, म्हटलं.

"अहो, सख्खा भाऊ गेलाय. एकदा रडा तरी."

"येत नाही तर काय नळ सोडू?"

ती उठून भांडी आवरायला लागली, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

दादा गेला त्या दिवशी जाऊन आलो होतो. दारातच उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "आत या भाऊजी." गेलो. चेहरा पाहिला. नाकावर चष्म्याचे दोन वळ तसेच होते. बाकी आरशात पाहिल्यासारखं. परत येऊन पंखा दुरुस्त केला. गिऱ्हाईक थांबलं होतं.

दादाशी भांडण कशावरून झालं, हे हिलासुद्धा मी नीट कधी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटते. एका आयसीवरून. याच मशीनच्या आयसीवरून. मला ६५०२ हवा होता. त्याला ठोके द्यायला वेगळं घड्याळ-सर्किट लागत नाही, बोर्ड लहान होतो, काम चपळ. दादाने पेटीभर ६८०० आणून ठेवलेले, त्याचा हात त्यावर बसलेला. महिनाभर वाद. शेवटी चार कारागिरांसमोर मी म्हणालो, "तुझी अक्कल त्या पेटीतल्या मालाएवढीच शिळी झालीय. नवीन काही जमत नाही, म्हणून घाबरतोस." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा.

दादाने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. म्हणाला, "झालं तुझं बोलून?"

झालं, म्हटलं. निघालो. दोन गल्ल्या सोडून हे दुकान टाकलं. अडतीस वर्षं एकाच गावात. समोरून आला की मी दुकानांच्या पाट्या वाचायचो. तोही वाचायचा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्यात दोन सुंभ होते.

११ मार्च, मंगळवार

खणात दोन ६८०० निघाले. पहिला बसवला. काही नाही. हालचाल शून्य. आयसी नुसता तापला.

१२ मार्च, बुधवार

दुसरा बसवला. तेच.

मास्तरचा फोन आला. "घाई नाही, सहज विचारतो." घाई त्याला आहे, आणि ती त्याच्या आवाजात कळते. अजून एकोणीस दिवस.

१५ मार्च, शनिवार

दोन्ही ६८०० दुसऱ्या बोर्डावर चालवून पाहिले. ठणठणीत आहेत. मग दोष रॉममध्ये असणार, जिच्यात मशीनचा प्रोग्राम साठवलेला असतो. काढून वाचली.

प्रोसेसर जागा झाला की पहिलं पाऊल कुठे टाकायचं, तो पत्ता रॉमच्या शेपटीत लिहिलेला असतो. ६८०० शेवटच्या दोन घरांत बघतो. तिथला पत्ता बघितला तर तो भलत्याच जागी नेतो, जिथे रॉम नाही, मेमरी नाही, काहीच नाही. म्हणजे रॉम सडली. एवढ्या वर्षांत सडणारच.

रॉमची दुसरी प्रत कुठेच नसेल तर मशीन संपलं. मास्तरला हे सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

१६ मार्च, रविवार

वहिनींना फोन केला. जुने नकाशे, प्रोग्रामची प्रत, एखादी वही, काही आहे का म्हणून.

"कागद त्यांनीच गेल्या वर्षी फाडले, भाऊजी. म्हणाले, कुणाच्या कामाचे आता?"

बरं, म्हटलं. ठेवणार होतो.

"एक विचारू का?" वहिनी म्हणाल्या. "त्या भांडणाच्या दिवशी तुम्हाला सकाळी बोलावलं होतं. निरोप मीच पाठवला, कारागिराबरोबर. सात वाजता या, मीटर घेऊन या, म्हणून. हे साडेसहापासून खाली कारखान्यात जाऊन बसले होते. तुम्ही आलात दुपारी. निरोप मिळाला नव्हता का?"

आठवत नाही, म्हटलं.

आठवतं. मिळाला होता. मीटर घेऊन ये म्हणजे तपासणीचं काम. दहा बोर्ड पुढ्यात टाकले असते. नाही गेलो.

वहिनींचा आवाज जुना झालाय. पूर्वी जिन्यावरून हाक मारायच्या तर गल्लीच्या टोकाला ऐकू यायची.

१८ मार्च, मंगळवार

मास्तर न सांगता आला. एकटाच, काठी घेऊन. चहा दिला या वेळी.

म्हटलं, रॉम गेली मास्तर, अवघड आहे. तो हं म्हणाला. कप खाली ठेवला. "घरी बसून काय करायचं ते मला माहीत नाही," म्हणाला. "बायको म्हणते, बागेत जाऊन बसत जा. बागेत काय वाचू?"

मग म्हणाला, जरा बोर्ड दाखवा. म्हणजे हातात द्या. दिला. त्याने बोटं फिरवली, एकेका आयसीवरून, सावकाश, पान तपासत असल्यासारखी.

"हे खरखरीत. हे खरखरीत. कुणीतरी उरकलंय नुसतं." मी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला. "हा मोठा मात्र गुळगुळीत. हा वेगळ्या माणसाने घासलाय. सावकाश, पाणी लावून. काम नव्हतं वाटतं त्याला दुसरं."

मोठा म्हणजे प्रोसेसर. मी पाहिलं. खरंच. बाकीचे माझे चार-चार फटके, अडतीस वर्षांनीसुद्धा ओळखू येतात. प्रोसेसरची पाठ तेवढी तुळतुळीत. दादाने स्वतः घासला असणार. का, कोण जाणे. घासायचं काम तो हातातही धरायचा नाही.

जाता जाता मास्तरने झोळीतून ब्रेलची पाटी काढली, माझा फोन नंबर टोचून घ्यायला. मागचा कागद हरवला म्हणे. टोचणी उजवीकडून डावीकडे चालवत होता. म्हटलं, उलटं लिहिता?

हसला. "कागदाच्या मागून टोचतो ना आम्ही. लिहायचं उजवीकडून, पालटायचं, वाचायचं डावीकडून. शाळेत पहिले सहा महिने यातच मार खाल्ला. नवा माणूस पाटी बघून म्हणतो, काय हे, सगळं चुकलंय! चुकलेलं काही नसतं. तो चुकीच्या बाजूने वाचत असतो."

मास्तर गेल्यावर दुकान लवकर बंद केलं. झोपलो.

२० मार्च, गुरुवार

काल दिवसभर मास्तरचं वाक्य डोक्यात. आज पुन्हा रॉमची शेपटी काढून बसलो.

६५०२ शेवटच्या दोन घरांत बघत नाही. त्याआधीच्या दोन घरांत बघतो. आणि पत्ता उलटा वाचतो, मागचा भाग आधी, पुढचा नंतर.

तसं वाचलं.

पत्ता बरोबर रॉमच्या पहिल्या घरावर गेला. चूक कुठेच नाही. रॉम धडधाकट आहे. मागच्या तीन निळ्या तारासुद्धा दुरुस्तीच्या नाहीत. ६८००साठी आखलेला बोर्ड हाताने ६५०२साठी वळवलाय. घड्याळाच्या पिना बदलल्यात. सगळं पहिल्या दिवसापासून समोर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेरा दिवस वाया घालवले, तेही दादाला मी पुरता ओळखतो या घमेंडीत.

६५०२ आहे. दादाच्या मशीनमध्ये.

२१ मार्च, शुक्रवार

खणाच्या तळाला माझा ६५०२ होता. दुकान टाकलं तेव्हा हौसेने घेतलेला. याच्यावर असं मशीन करीन की दादाने बघत राहावं, असं तेव्हा ठरवलं होतं. केलं नाही. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. आयसी रुप्याच्या कागदात तसाच पडून.

बसवला. पहिल्या क्षणापासून सगळ्या पिना हलायला लागल्या.

आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. रॉमवर दादाचं छापील लेबल आहे, शाळेचं नाव, खाली तारीख. माझ्या जाण्यानंतर पाच महिन्यांनी. म्हणजे मला जाऊ दिलं, मग माझंच म्हणणं उचललं, नंबर घासून गुळगुळीत केला, आणि अडतीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. दोन गल्ल्या होत्या मध्ये. एकदा येऊन म्हणायचं, छोट्या, तुझं बरोबर होतं. जीभ झडली नसती.

हिला सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुम्ही तरी कुठे गेलात दोन गल्ल्या?"

२२ मार्च, शनिवार

शाळेत जाऊन बोर्ड बसवला. छापखाना म्हणजे एक लांबट खोली, खिडक्या उंचावर, कपाटांत जाडजूड पुस्तकं. दिवा एकच, तोही माझ्यासाठी लावला.

मशीन चालू केलं. आधी खरखरलं, मग ठोके धरले. दादाची मशिनं अशीच, सुरुवातीला कुरकुर करणारी. पहिलं पान बाहेर आलं. मास्तरने दोन्ही हात ठेवले.

"स्वच्छ आहे," म्हणाला. "तिसऱ्या ओळीत एक ठिपका मंद. बाकी स्वच्छ." मग पान बाजूला ठेवलं, आणि पुन्हा उचलून पुन्हा वाचलं. "सोमवारपासून भूगोल घेऊ. अर्धवट राहिलाय."

नऊ दिवस हातात ठेवून झालं. मास्तर मला सोडायला फाटकापर्यंत आला. त्याला सोडायला नको होतं का मी, असं नंतर वाटलं.

निघण्याआधी त्याने बोर्डावरून शेवटचा हात फिरवला. म्हणाला, "इथला कागद सुटलाय. कोपरा वर आलाय." रॉमवरचं लेबल. त्याखाली काचेची खिडकी असते, उजेड आत गेला तर हळूहळू प्रोग्राम पुसतो. म्हटलं, सोमवारी येऊन नवीन चिकटवतो, तोवर वरून ही चिकटपट्टी राहू द्या.

"एक नाही, दोन आहेत," मास्तर म्हणाला. "कागदावर कागद."

२३ मार्च, रविवार

राग उतरला. त्या जागी काही आलं नाही. दुपारभर झोपलो.

२४ मार्च, सोमवार

वरचं लेबल काढलं. खाली दुसरा कागद, दादाचं अक्षर, बॉलपेन, फिकट. "६५०२. चाचणी पास. १९ ऑक्टोबर." खाली वर्ष. भांडणाचं वर्ष.

मास्तर विचारत होता, काय लिहिलंय. नवीन लेबल चिकटवलं, घरी आलो, माळ्यावरून त्या वर्षीची रोजनिशी काढली. माझंच अक्षर:

"२१ ऑक्टोबर. सकाळी दादाचा निरोप. सातला ये, मीटर घेऊन ये. नाही गेलो. दुपारी जाऊन काय ते सुनावलं. संपलं एकदाचं."

६५०२चा बोर्ड दोन दिवस आधीच तयार झाला होता. प्रोसेसर माझ्या डब्यात टाकला असता तर घासताना मला नंबर दिसला असता, म्हणून स्वतः घासला. पाणी लावून, सावकाश. आणि साडेसहापासून खाली बसला होता.

ही दारात उभी आहे. काय झालं, काय झालं, विचारतेय. वहीवर पाणी पडतंय, अक्षर फुटतंय.

६५०२, दादा. ओळखला.